भरलेली वजा रिकामी

हॉलमध्ये नऊ सतरंज्या होत्या आणि माणसे आठ. भिंतीला टेकवलेल्या चार काठ्या, कोपऱ्यात हवा कमी झालेला एक निळा चेंडू, टेबलावर मापाची फीत, आणि चार मिनिटे पुढे असलेले एक घड्याळ. आठांपैकी तिघांना खाली बसता येत होते. उरलेले पाच जण आपापल्या सतरंजीच्या कडेला उभे राहून खोल विहिरीत डोकवावे तसे खाली बघत होते.

"बसा ना," व्यायामाच्या मॅडम म्हणाल्या.

"बसू हो," बस चालवणारे काका म्हणाले, "पण मग उठवणार कोण? क्रेन मागवलीय का?"

शेजारचे दातांचे डॉक्टर हसले आणि हसता हसता त्यांनी कमरेला हात लावला. "हसवू नका राव. हसलं की इथे चमक येते."

ताई त्या पाचांत होती. ती खिडकीचा कठडा धरून आधी एका गुडघ्यावर गेली, मग दुसऱ्या, मग हातांवर, आणि शेवटी कुशीवर. एवढ्याला किती वेळ लागला ते मॅडमनी घड्याळात बघून लिहिले. मॅडम वयाने ताईच्या निम्म्या असतील. पेन्सिलीने लिहायच्या आणि चुकले तर खोडून नव्हे, एक आडवी रेघ मारून शेजारी लिहायच्या. ताईला ते आवडले.

प्रत्येकाला त्या टेबलाजवळ बोलावत होत्या. ताईची पाळी आली.

"दुखणं शून्य ते दहा. शून्य म्हणजे काहीच नाही. दहा म्हणजे याहून जास्त असूच शकत नाही असं. गेल्या आठवड्याचं सरासरी सांगा."

"सात."

"उभ्या राहा, गुडघे ताठ, पुढे वाका. जमेल तेवढंच." मॅडमनी खाली बसून बोटांच्या टोकापासून जमिनीपर्यंत फीत लावली. "एकतीस सेंटिमीटर. कामावर काय उचलावं लागतं?"

"चादरी. इस्पितळाच्या धुलाईघरात आहे मी. चोवीस वर्षं झाली. कोरडी चादर काही नाही हो, पण मशिनीतून ओली निघते ना, ती जीव खाते."

"आणि घरी? काही जड उचलता?"

ताईने खिडकीबाहेर बघितले. "घरी काय असणार? घरी काही नाही."

मॅडमनी पेन्सिलीने लिहिले: घरी – नाही.

घरी आई होती. दोन वर्षांपूर्वी आई पडली आणि त्यानंतर तिचे पाय चालेनासे झाले. पहाटे कामावर निघण्यापूर्वी एकदा, दुपारी परत आल्यावर एकदा, संध्याकाळी एकदा आणि निजण्यापूर्वी एकदा, असे दिवसातून चार वेळा ताई आईला पलंगावरून उचलून खुर्चीत ठेवायची आणि खुर्चीतून परत पलंगावर. म्हणजे आठ वेळा. मधल्या वेळात शेजारीण अकराला येऊन चहा द्यायची, लघवीचे भांडे द्यायची आणि जायची. तिला दमा होता. तिला उचलायला सांगणे शक्य नव्हते.

हे कागदावर आले असते तर मॅडम पहिल्यांदा म्हणाल्या असत्या, उचलणे बंद करा. आणि तो कागद धाकट्या भावाने वाचला असता.

धाकटा चार तासांवरच्या शहरात लिफ्ट बसवण्याच्या कामाला होता. महिन्यातून एका रविवारी यायचा, औषधे आणि फळे आणायचा, आईच्या पायाशी बसून तिला हसवायचा आणि शेवटच्या बसने परत जायचा. गेल्या खेपेला त्याने ताईला पायरीवर बसून बूट घालताना बघितले. एक बूट घालायला तिला तीन प्रयत्न लागले.

"ताई, हे असं नाही चालायचं," तो बाहेर येऊन हळूच म्हणाला होता. "मी एक वृद्धाश्रम बघून ठेवलाय. स्वच्छ आहे. चार माणसं आहेत उचलायला."

"आईला परक्याच्या हातात देऊ?"

"तुझी पाठ गेली तर दोघींना परक्याच्याच हातात द्यावं लागेल. मग?"

शेवटी ठरले ते असे: इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलेला बारा आठवड्यांचा व्यायाम ताईने करायचा. पाठ सुधारली तर आई इथेच. नाही सुधारली तर धाकटा वृद्धाश्रमात आईचे नाव घालणार.

पलंगाने, खुर्चीने आणि कपाटाने खोली भरलेली होती. व्यायामाला अंग पसरेल एवढी मोकळी जागा एकच होती, आईच्या पलंगाला लागून. मॅडमनी दिलेला कागद ताईने समोरच्या भिंतीवर चिकटवला. कागदावर वर सहा व्यायामांची चित्रे होती आणि खाली सात सूचना. ताईला तो झोपून दिसायचा नाही. आईला मात्र उशीला टेकून बसले की समोरच दिसायचा.

"काय काय दुखणी छापलीत," आई चष्मा लावून म्हणाली. "हे मांजर कशाला काढलंय?"

"तसं व्हायचं. हात-गुडघ्यांवर. पाठ वर, पाठ खाली."

"हो मग. बघू दे तरी घरातली मांजर."

आई एकतीस वर्षे गावाबाहेरच्या वजनकाट्यावर होती. दगडाचे, धान्याचे, भंगाराचे ट्रक काट्यावर चढायचे आणि काचेच्या केबिनमधून ती आकडा वाचून पावती फाडायची. भरलेली वजा रिकामी, म्हणजे माल. हा तिचा जन्माचा हिशोब होता. रिकाम्या गाडीच्या केबिनमध्ये चार दगड ठेवून वजन फुगवणारे ड्रायव्हर तिने किती पकडले त्याची गणती नव्हती. ती खाली उतरायची, दार उघडायची आणि म्हणायची, "हे तुमचे पाहुणे आधी उतरवा." ट्रकवाले तिच्यावर चिडायचे आणि मुलांच्या लग्नाला बोलवायचे.

आता तिने ताईच्या व्यायामाची मोजदाद हातात घेतली.

"आठ. कंबर पडली. हे आठ नाही, परत."

"आई, मॅडमनी एवढं सांगितलं नाहीये."

"मॅडम इथे नाहीयेत. आठ. नऊ. श्वास घे, नाहीतर माझ्या आधी जाशील. दहा."

पहिल्याच रविवारी आईने विचारले, "मी किती भरते गं?"

"कोण जाणे. कशाला?"

"काटा आहे ना घरात? मग बघू की. तू मला घेऊन चढ, मग एकटी चढ. भरलेली वजा रिकामी."

खुर्चीकडे नेताना ताई तिला घेऊन न्हाणीघरातून आणलेल्या छोट्या काट्यावर उभी राहिली. कमरेतून एक तार ताणल्यासारखी झाली. एकशे पाच किलो नऊशे. मग एकटी: अठ्ठावन्न पाचशे.

"सत्तेचाळीस चारशे," आई ताबडतोब म्हणाली. "अर्ध्या पोत्याच्या आत आहे मी. लिहून ठेव. दर रविवारी करू."

ताईने एका वहीत दोन रकाने आखले. डावीकडे आईचे वजन, उजवीकडे स्वतःच्या दुखण्याचा आकडा, कारण तो दर आठवड्याला मॅडमना सांगावा लागे. एकाच वहीत का, तर दुसरी वही हाताशी नव्हती.

पहिले तीन आठवडे काही झाले नाही. उलट मांड्या दुखू लागल्या. हॉलमध्ये उजवा हात आणि डावा पाय एकदम उचलायचा व्यायाम होता. त्यात दातांचे डॉक्टर दोनदा आडवे झाले. "तीस वर्षं लोकांना आ करायला लावला," ते पडल्या पडल्या म्हणाले, "आता माझी पाळी." मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी जवळ जाऊन डॉक्टरांच्या कमरेखाली हात धरला आणि म्हणाल्या, "दुखणं शून्य होईल असं मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्ही करू शकता त्या गोष्टी वाढतील, एवढंच. हळू. परत."

ताईला त्या वाक्याने बरे वाटले नाही, पण विश्वास बसला.

पहाटे पाच, आई, बस, धुलाईघर. दुपारी अडीच, आई, व्यायाम, स्वयंपाक, आई, आई. दिवस एकमेकांवर रचलेल्या चादरींसारखे होते. मधली एखादी ओढून काढली असती तरी कळले नसते. चौथ्या आठवड्यात तिने मॅडमना "सहा" सांगितले आणि वहीत लिहिले. शेजारी आईचे वजन होते पंचेचाळीस शंभर. सहाव्यात पाच. आठव्यात चार.

आठव्या आठवड्याला मॅडमनी प्रत्येकाचा आलेख काढून आणला होता. ताईची रेघ डावीकडून उजवीकडे उतरत गेली होती, जिन्यासारखी.

"सगळ्या गटात इतका चांगला कुणाचाच नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण कान लाल झाले होते. "पुढच्या गटाशी बोलायला याल का एक दिवस? माझ्यापेक्षा तुमचं ऐकतील."

"वा ताई!" बसवाले काका म्हणाले. "आता आमची गाडी बंद पडली की तुम्हालाच फोन. धक्का मारायला."

त्या संध्याकाळी तिने धाकट्याला फोन केला. तो खूश झाला. "चार? सातावरून चार? मग प्रश्नच नाही. चारच राहू दे हं ताई. परत पाच-सहा झालं तर मात्र मी ऐकायचा नाही."

"नाही होणार."

फोन ठेवल्यावर ती आईला उचलायला गेली. आई तिच्या गळ्यात हात टाकून उचलली गेली, आणि ताईच्या मनात आले, किती सहज. एकेचाळीस आठशे. आकडा उतरतो आहे हे ती दर रविवारी स्वतःच्या हाताने लिहीत होती. चौकातल्या डॉक्टरांना तिने विचारलेही होते. ते म्हणाले, वय आहे, होते असे. तिने ते उत्तर लगेच मानले. ओझे हलके होत होते आणि तिला बरे वाटत होते. या दोन गोष्टी तिने शेजारी शेजारी लिहिल्या होत्या, पण एकत्र वाचल्या नव्हत्या.

नवव्या रविवारी एकेचाळीस दोनशे.

धुलाईघरात एक नियम आहे. उशीची खोळ मशिनीत टाकण्यापूर्वी हात आत घालून दोन्ही कोपरे उलटे करायचे आणि झटकायचे. खोळीत काहीही निघते. पेन, चष्मा, अंगठी, एकदा अख्खी वरची कवळी. एकदा कुणीतरी कुणाला तरी लिहिलेले आणि न दिलेले पत्र. चोवीस वर्षे ताईचे हात हे दिवसातून चारशे वेळा करीत. घरी मात्र ती कधी कोपरे उलटे करीत नसे. घरात कुणाचे काय निघणार?

सोमवारी दुपारी आईच्या पाठीमागच्या लांब तक्क्याची खोळ तिने धुवायला काढली. ती दोन महिन्यांत निघाली नव्हती. ताई दमलेली होती, मन दुसरीकडे होते, आणि म्हणूनच बहुधा हात सवयीने आत गेला. कोपऱ्यात काहीतरी टोचले.

वर्तमानपत्राच्या छोट्या पुड्या होत्या. पावाचे वाळून खडखडीत झालेले तुकडे. दुपारसाठी डब्यात ती दोन अंडी आणि पावाचे चार काप ठेवून जायची. तिने पुड्या पलंगावर ओळीने मांडल्या. सतरा.

आई दुसरीकडे बघत होती.

"हे काय आहे?"

"दिसतंय की."

"आई."

"ओरडू नकोस. शेजारीण ऐकेल."

"मी ओरडत नाहीये. सतराच? रोजच्या का नाहीत?"

"बाकीच्या शेजारणीच्या कुत्र्याला. ती यायची तेव्हा द्यायचे. तिला सांगितलं, डॉक्टरांनी पाव बंद केलाय. रविवारी तू घरी, मग खावं लागायचं." आई हिशोब देत होती, पावती वाचावी तशी. "अंडी खायचे मी. ती वास मारतात. आणि दूध पलंगावरून कुठे ओतणार? ते पीतच होते."

ताई खुर्चीत बसली. आईच्या खुर्चीत, खोलीत दुसरी नव्हती.

"का?"

आईने चष्मा लावला आणि भिंतीकडे हनुवटी केली. "सहा नंबर वाच."

ताईने तो कागद शेकडो वेळा पाहिला होता, पण चित्रे पाहिली होती. सूचना तिने पहिल्या दिवशी वाचल्या तेवढ्याच. ती उठली. सहावी सूचना होती: रोज जे वजन उचलावे लागते, ते शक्य तितके कमी करा.

"तुझ्या घरात दुसरं कुठलं वजन आहे?" आई म्हणाली.

खाली कुत्रे भुंकले. ते खरोखर जाड झाले होते.

"एकतीस वर्षं," ताई शेवटी म्हणाली, "एकतीस वर्षं तू कुणाला काट्यात खोट करू दिली नाहीस."

"मी खोट केली नाही. काटा खराच होता. माल कमी केला. आणि फरक पडला का नाही? सातावरून चार. पडला ना?"

पडला होता.

गुरुवारी हॉलमध्ये ती अर्धा तास आधी गेली. मॅडम सतरंज्या अंथरत होत्या. ताईने वही त्यांच्यापुढे उघडली आणि पहिल्या दिवसापासूनचे सगळे सांगितले. सांगताना ती उभीच राहिली, शाळेत राहावे तशी.

मॅडमनी दोन्ही रकाने बोटाने खालपर्यंत वाचले. मग आलेख काढला आणि ताईच्या रेघेशेजारी, त्याच कागदावर, आईच्या वजनाचे नऊ ठिपके मांडून जोडले. दोन्ही रेघा बरोबरीने उतरत होत्या.

"म्हणजे सगळा व्यायाम फुकट?" ताईने विचारले.

"मला माहीत नाही." मॅडमनी परत एकदा दोन्ही रेघांवरून बोट फिरवले. "थोडा व्यायामाचा असेल, थोडा वजनाचा. किती कुणाचा, ते आता सांगता येणार नाही. मी विचारलं होतं तेव्हा सांगायला हवं होतंत."

"सांगितलं असतं तर उचलू नका म्हणाला असता."

"नसते म्हणाले," मॅडम म्हणाल्या. "कसं उचलायचं ते पहिल्या दिवशी शिकवलं असतं."

त्या दिवशी नववी सतरंजी पहिल्यांदा वापरली गेली. मॅडमनी ती टेबलावर पसरली, स्वतः तिच्यावर आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "मी आई. पाय गेलेत. उचला." ताईने सवयीप्रमाणे कमरेतून वाकून काखेत हात घातले. "थांबा. आईंना आधी कडेला आणा. पाय खाली सोडा. तुमचे गुडघे वाकवा, पाठ नाही. मला छातीशी घ्या, लांबून नको. आता मांड्यांनी उठा. मांड्यांनी!" सात वेळा झाले. बसवाले काका दारात येऊन थबकले. "अरे वा, मॅडमलाच उचललं! मी म्हटलं नव्हतं, यांनाच धक्क्याला बोलवा?"

"कडेला सरकवायला खाली चादर घाला," उठून कपडे झटकत मॅडम म्हणाल्या. "दोन्ही बाजूंनी दोघांनी धरून ओढायची. घरी दुसरं कोण आहे?"

"धाकटा आहे. महिन्यातून एक रविवार."

मॅडमनी ते पेन्सिलीने लिहिले. "घरी – नाही" याच्यावर एक आडवी रेघ मारून, शेजारी.

घरी ताईने कागदावरची सहावी सूचना कात्रीने कापून काढली. दुपारचा डबा आता ती ठेवून जात नसे. अडीच वाजता येऊन समोर बसून भरवत असे, आणि आई खात असे, चेहरा वाकडा करून, तुकडे मोजत. "हा सातवा. तुझ्या कमरेला सांग, माझ्यावर राग नको." एकेचाळीस पाचशे. एकेचाळीस नऊशे. नवी पद्धत बरी होती, पण आठ वेळा ती आठ वेळाच, आणि दिवस चादरींचेच. अकराव्या आठवड्यात एका पहाटे ताई पलंगाच्या काठाला धरून काही क्षण तशीच राहिली. वहीत तिने पाच लिहिले. चार लिहिणे सोपे होते. कोण बघायला येणार होते? ती पेन्सिल धरून थोडा वेळ बसली आणि मग पाच असेच राहू दिले.

बाराव्या गुरुवारी शेवटची मोजणी झाली. खाली बसून उठायला चौदा सेकंद, पहिल्या दिवशी एकेचाळीस होते. बोटांपासून जमीन एकोणीस सेंटिमीटर. दहा किलोची पेटी जमिनीवरून टेबलावर, पाच वेळा, न थांबता.

"दुखणं?"

"पाच."

मॅडमनी वर बघितले. "सात ते पाच. ही सुधारणाच आहे. तुम्हाला सांगते, चांगली आहे."

"चार असतं तर जास्त चांगली दिसली असती."

"हो," मॅडम म्हणाल्या, आणि पाच लिहिले.

रविवारी धाकटा आला. फळांच्या पिशवीबरोबर त्याच्या हातात एक पाकीट होते. त्याने ते टेबलावर ठेवले, आईला हसवले, पाणी प्यायला आणि मग ताईला विचारले, "किती?"

"पाच."

त्याने पाकिटातून अर्ज काढला. बहुतेक रकाने त्याने भरून आणले होते: नाव, वय, औषधे, कुणाला कळवायचे. "मी मुद्दाम नाही करत हे, ताई. तुला माहितेय."

"माहितेय."

"आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं," ताई म्हणाली. "आधी हे वाच." आणि तिने वही त्याच्यासमोर ठेवली.

त्याने वाचली. डावा रकाना, उजवा रकाना. आकडे वाचणारा माणूस होता. लिफ्टमध्ये किती भार चालेल हे ठरवणे हे त्याचे रोजचे काम होते. नवव्या ओळीवर त्याचे बोट थांबले. "हे काय? सहा किलो कुठे गेले?"

"कुत्र्यात," आई पलंगावरून म्हणाली.

ताईने सांगितले. थोडक्यातच, कारण थोडक्यात मावत होते. धाकट्याने एकदा भिंतीवरच्या कापलेल्या कागदाकडे आणि एकदा आईकडे बघितले. आईने चष्मा काढून पुसायला घेतला.

"अर्जात एक रकाना राहिलाय," तो शेवटी म्हणाला. "वजन. आजचं लागतं."

"मग कर की," ताई म्हणाली. "आज मी नाही उचलणार. तू उचल."

"मी?"

"लोकांना दहाव्या मजल्यावर नेतोस. आईला दोन फूट नेता येत नाही?"

तो उठला, पलंगाजवळ गेला आणि कमरेतून वाकला.

"गुडघे!" दोघी एकदम ओरडल्या.

तो दचकून सरळ झाला. मग ताईने चादरीचे एक टोक त्याच्या हातात दिले आणि दुसरे स्वतः धरले. दोघांनी मिळून आईला कडेला घेतले. घडी घालताना चादरीचे दुसरे टोक कुणी धरले की जसे हलके वाटते, तसे ताईला वाटले. धाकट्याने गुडघे वाकवले. आईने त्याच्या गळ्यात हात टाकले. तो मांड्यांनी उठला, आणि उठल्यावर लगेच हलला नाही. आईला हातांत धरून तसाच उभा राहिला.

"चल आता," आई म्हणाली, "गाडी काट्यावर घे. मागे रांग लागलीय."

तो काट्यावर चढला. ताईने खाली वाकून आकडा वाचला. "एकशे सव्वीस तीनशे."

त्याने आईला खुर्चीत ठेवले, तिच्या पायांवर पांघरूण नीट केले आणि एकटा परत चढला.

"त्र्याऐंशी नऊशे."

"बेचाळीस चारशे," आई म्हणाली.

धाकट्याने पेन उघडले. अर्ज बाजूला सारला, वही पुढे ओढली आणि बाराव्या ओळीत, डावीकडे, लिहिले: ४२.४.